मधल्या खांबावरचा पंजा

१

उस्ता मेतवल्लीचा दिवस पितळी वाडग्यातल्या कोमट पाण्यापासून सुरू होत असे. झोपेतून उठताना त्याचा उजवा हात अर्धवट मिटलेला असे. ती मूठ नव्हती. चार बोटे एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला आणि मध्ये एखादी जाडजूड वस्तू मावेल एवढी पोकळी. हात पाच मिनिटे पाण्यात बुडवून ठेवला की बोटे एकेक करून सैल होत. हे त्याच्या लग्नाच्याही आधीपासूनचे होते. अलेक्झांड्रियातल्या तीन डॉक्टरांनी या दुखण्याला तीन वेगवेगळी नावे दिली होती. नावांपलीकडे कोणी काही दिले नव्हते.

"रोज रात्री कुठली बाटली धरून झोपता हो?" त्याची बायको सनिय्या वाडगा पुढे ठेवताना विचारी.

"बाटली कुठली? तुझ्या भावाची मान."

"मग सोडा आता. बिचाऱ्याला कामावर जायचंय."

या संवादाला पंचवीस वर्षे झाली होती, आणि दोघांपैकी कोणालाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

त्याच हातावर घर चालले होते. मुहर्रम बेक वस्तीतल्या त्यांच्या गल्लीत गाड्यांचा पत्रा सरळ करणारे दहा उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, होते. पण जुन्या गाड्या, ज्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नाही अशा, मेतवल्लीकडेच येत. रंग आणि गंज काढून झाला की तो पत्र्यावर सुती फडके अंथरी, डोळे मिटी आणि फडक्यावरून तळवा सावकाश फिरवी. डोळ्यांना न दिसणारा खळगा त्याच्या तळव्याला कळे. अठरा वर्षांपूर्वी पत्रा कापण्याच्या कात्रीने त्या हाताच्या अनामिकेची दोन पेरे नेली, पण स्पर्श नेला नाही.

फडके वापरण्याला कारण होते. उघड्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हा या धंद्याचा पहिला नियम. घामात मीठ असते आणि समुद्राकाठच्या हवेत ओल असते. संध्याकाळी निष्काळजीपणे टेकवलेला तळवा सकाळी गंजाच्या रंगात उमटलेला दिसतो. त्या गल्लीत नव्या माणसाची पहिली चूक हीच असे आणि पहिली शिवीही त्याला याच चुकीवरून खावी लागे.

२

नोव्हेंबरच्या मध्यात, समुद्रावरून येणाऱ्या ज्या वादळाला अलेक्झांड्रियाचे लोक केरसुणी म्हणतात ते यायच्या बेतात असताना, हाज इल्हामी आपली जुनी फियाट घेऊन दारात उभा राहिला. हज करून आलेला म्हणून हाज; मेतवल्लीच्या होणाऱ्या जावयाचा हा मामा. माणूस दिलदार, आवाज मोठा.

"उस्ता, पुढच्या गुरुवारी तुमची नवारा याच गाडीतून निघणार! माझ्या भाच्याची बायको भाड्याच्या गाडीत बसली तर मी मिशी उतरवीन."

"हाजसाहेब, तुम्हाला मिशी आहेच कुठे?"

"म्हणून तर बिनधास्त बोलतोय!"

गाडी अर्धशतकापूर्वीची होती. त्या काळच्या घडणीप्रमाणे तिची प्रत्येक बाजूची पुढची आणि मागची, दोन्ही दारे मधल्या एकाच खांबावर टांगलेली होती आणि पाखराच्या पंखांसारखी दोन दिशांना उघडत. पुढच्या दाराला वाऱ्याची भीती फार, कारण कडी सुटली तर वारा ते मागे फेकतो. सगळा भार त्या मधल्या खांबावर. नवारा मागच्या आसनावर उजव्या बाजूला, त्याच खांबाशी खांदा लावून बसणार होती. ती मेतवल्लीची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या कोणाच्या हाताने रंगवलेल्या गाडीतून तिला पाठवणे त्याच्या मनाला येणार नव्हते. हातात आठ दिवस होते.

दारे, बंपर आणि पुढचे बोनेट सुटे करून त्याने रसायन लावले. रंग उकललेल्या सालीसारखा वर आला, पातीने खरवडून निघाला. त्या उजव्या खांबाच्या आत मात्र मूळचे कापडी अस्तर होते. तिथे रसायन झिरपू नये म्हणून त्याने पॉलिश पेपर घेतला आणि पाणी लावून हाताने घासायला बसला. वरचा पांढरा रंग झिजला, खालचा हिरवा दिसू लागला, आणि त्या हिरव्यावर खांबाच्या बुडाशी एक पंजा उमटलेला होता.

३

नवी गाडी घेतली की बकरा कापायचा, रक्तात तळवा बुडवायचा आणि तो गाडीवर उमटवायचा ही चाल त्या गावात सर्वांच्या परिचयाची. तिच्यामागे दृष्ट लागू नये ही इच्छा असते आणि थोडी मिरवण्याची हौसही. असे पंजे सहसा बोनेटवर किंवा दारावर, चारचौघांना दिसतील असे उमटवतात आणि आठवड्याभरात धुतले जातात. मेतवल्लीने अशा पंजांचे अवशेष शंभर वेळा खरवडले होते. म्हणून पहिल्यांदा त्याला नवल वाटले ते फक्त जागेचे.

"वानिस, इकडे ये. हे बघ, कुणी बुडाशी पंजा मारलाय."

वानिस रंगारी. शेजारचाच गाळा त्याचा. वीस वर्षे दोघांचे काम आणि चहा एकत्र चालत आला होता. तो चष्मा कपाळावर चढवून वाकला.

"रक्तावरच रंग मारलाय गाढवाने. खालून गंज फुटून वर आला असणार. पांढरा सहा वर्षांपूर्वीचा, म्हणजे हाजचाच. त्याला विचारा, बकरा बुटका होता का?"

हाजला विचारले. त्याने गाडी घेतली तेव्हा बकराबिकरा काही कापला नव्हता.

मेतवल्लीने हिरवा घासला. खाली करडा रंग होता, आणि त्यावर त्याच जागी, त्याच मापाचा पंजा. करडा घासला. खाली निळा, त्यावरही पंजा. वेगवेगळ्या रंगांच्या कडा नकाशातल्या रेषांसारख्या एकात एक वळल्या होत्या आणि प्रत्येक थरात तो तांबूस ठसा जणू एकाच साच्यातून काढलेला. गंज खालून वर चढतो हे खरे. पण निळ्याखाली प्रायमर स्वच्छ होते आणि प्रायमरखालचा पत्रा चकचकीत. चढायला गंज होताच कुठे?

आणखी दोन गोष्टी त्याच्या ध्यानात आल्या. एक म्हणजे हा पंजा टेकवलेला नव्हता. चार बोटे खांबाच्या पुढच्या कडेवर, अंगठा मागच्या कडेवर. कोणीतरी खांब धरलेला होता.

दुसरी गोष्ट त्याने वानिसला सांगितली नाही. हिरव्यावरच्या आणि करड्यावरच्या पंजाची अनामिका दोन पेरांनी आखूड होती. निळ्यावरच्या पंजाची पाचही बोटे शाबूत होती.

"हा हिरवा किती जुना?" त्याने शक्य तितक्या सहज विचारले.

वानिसने नखाने कड खरवडून पाहिली. "पंधरा वर्षं. करडा पंचवीसेक. त्या काळी असला करडा सगळीकडे होता, शाळेच्या बाकांनासुद्धा. निळा त्याहून जुना. का हो?"

"काही नाही."

करडा बसून निळा झाकला गेला तेव्हा त्याची दहाही बोटे धड होती. हिरवा बसून करडा झाकला गेला तेव्हा नव्हती. हा हिशेब त्याने एकदाच केला आणि जाणूनबुजून अर्धवट सोडला. आखूड बोटांची माणसे या शहरात थोडी नाहीत, असे त्याने स्वतःला बजावले. पत्र्याच्या धंद्यात तर मुळीच थोडी नाहीत.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी उघड्या पत्र्यावर पंजा होता.

बाकीचा पत्रा आरशासारखा. फक्त खांबाच्या बुडाशी, काल संध्याकाळी अ‍ॅसिडने पुसून कोरडी केलेल्या जागी, ताज्या गंजाची पाच बोटे, त्यांतले एक आखूड. बुद्धीला पटेल असा खुलासा समोरच होता, आणि मेतवल्लीने तो बुडत्याने दोर पकडावा तसा पकडला. आपणच हात लावला असणार. वय झाले. उठताना आधारासाठी खांब धरला असणार, आणि आपल्याला आठवत नाही.

त्याने ठसा काढला आणि रबरी हातमोजे चढवले. जेवतानाही उजवा मोजा उतरवला नाही.

"उस्ता, शस्त्रक्रिया आहे का?" वानिसने विचारले. "नातेवाइकांना बाहेर बसवू?"

संध्याकाळी मेतवल्लीने खांबाला तेलाचा कागद गुंडाळला, सुतळीने बांधला आणि स्वतः शटर ओढून घेतले. सकाळी सुतळीची गाठ होती तशीच होती. कागद सोडला. पंजा खाली होता.

भीतीपेक्षा त्याला जाचत होती ती पंजाची ठरावीक जागा. तो ठसा छतावर, बोनेटवर, कुठेही उमटता तर त्याने हसण्यावारी नेला असता. पण तो नवाराच्या खांद्याशी उमटत होता. कोणी तिला आत ओढायला हात घातला आहे की बाहेर? असले प्रश्न आपल्या डोक्यात येतात याचाच त्याला राग आला.

घरी नवारा मेंदीच्या दिवसाची यादी करत बसली होती.

"बाबा, गाडी कुठवर आली? हाजमामा सगळ्यांना सांगत सुटलेत, नवरदेवाच्या सासऱ्यांच्या हातची गाडी म्हणून."

"येईल ना. तुला पुढे बसायला आवडेल की मागे?"

"नवरी पुढे बसते का कधी?"

"तसं नाही... डावीकडे बसलीस तर?"

"बाबा," ती हसली, "तुम्ही माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय."

सनिय्याची नजर त्याच्या उजव्या हातावर होती. सकाळी पाण्यात बोटे सुटायला त्या दिवशी पाऊण तास लागला होता.

५

सोमवारी दुपारी केरसुणी आली. आधी वाऱ्याने गल्लीतले कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या झाडून नेल्या, मग पाऊस तिरका आत शिरला, आणि वीज गेली. शटर निम्मे खाली ओढून मेतवल्ली चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून खोक्यावर बसला. समोरच्या भिंतीला गाडीचा पुढचा बंपर उभा टेकवलेला होता. त्यावरची क्रोमची झिलई त्याने सकाळीच घासून उजळली होती. तिच्यात पाठीमागची गाडी वाकडी, लांबुळकी दिसत होती. दारे नसलेली, खांबासकट.

"माझ्या गाळ्यात गळतंय," म्हणत वानिस खाली वाकून आत आला. "तुमच्या नवरीच्या जागेवर बसू का जरा? पाठ मोडलीय."

"बस."

वानिस धिप्पाड माणूस. तो मागच्या आसनावर धपकन बसला तशी गाडी एका अंगावर कलली आणि कुठून तरी, फार खालून, एक बारीक करकर ऐकू आली. दात खाताना येते तशी.

मेतवल्ली बंपरकडे बघत होता. खांबाच्या प्रतिबिंबाला एक हात धरून होता.

मनगटाच्या मागे काय होते ते त्या वाकड्या क्रोममध्ये दिसत नव्हते, किंवा त्याने पाहिले नाही. त्याला फक्त एवढे दिसले की वानिसचा भार पडला त्या क्षणी हाताची पेरे वर उचलली गेली, पांढरी पडली, आणि आखूड बोट आधार शोधत पत्र्यावर सरकले. ओझे निसटू लागले की माणूस पकड आवळतो, अगदी तसे.

त्याने खाली पाहिले. त्याचे स्वतःचे दोन्ही हात पेल्याभोवती होते.

मागे वळून बघण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते, आणि पुढे आयुष्यभर त्याने हे मोकळेपणाने मान्य केले. पण तो कारागीर होता, आणि हात काय करतो आहे हे त्याला हाताच्या मालकापेक्षा आधी कळत असे. हा हात ओढत नव्हता. ढकलतही नव्हता. तो तोलून धरत होता.

"वानिस," तो हळूच म्हणाला, "बाहेर ये. सावकाश. टेकू नकोस कशाला."

"काय झालं? साप आहे?"

"बाहेर ये म्हणतो ना!"

वानिस बाहेर आला. मेतवल्लीने छोटी हातोडी उचलली, डोळे खांबावरून काढून घेतले, आणि बुडाशी पंजाच्या जरा खाली हलकेच टकटक केली. पत्रा घंटेसारखा वाजतो. हा ओल्या लाकडासारखा वाजला.

६

गाडीखाली दोन जॅक लावले, छताला आतून लाकडी टेकू दिला. मग गॅसची ज्योत. चकचकीत दिसत होता तो पत्रा नव्हताच. ते शिसे होते, पत्र्याशी बेमालूम मिळवलेले, कुणा कसबी हाताने गुळगुळीत केलेले. इतके दिवस मेतवल्लीच्या तळव्यालाही ते कळले नव्हते. शिसे थेंबाथेंबाने ओघळले. त्याच्यामागून तुपाच्या डब्याचा एक तुकडा निघाला. त्यावरचे खजुराचे झाड अजून हिरवे होते. तुकड्यामागे खांबाला बूडच नव्हते. गंजाने ते केव्हाच खाऊन टाकले होते. उरला होता तांबडा भुगा.

"हे येशू!" वानिस पुटपुटला. "मी यावर बसलो होतो? दोन्ही दारं लावून समुद्राकाठी कॉर्निशच्या रस्त्यावर नेली असती तर पहिल्या वाऱ्यालाच खांब उपटून... कुठल्या हरामखोराने केलंय हे?"

मेतवल्लीने तुपाच्या डब्याचा तुकडा उचलला. चारही कोपरे कात्रीने गोल कापलेले होते. कोपरा गोल काप, नाहीतर गंज तिथूनच चावायला लागतो. हे त्याला त्याच्या उस्तादाने, उस्ता खलीलने शिकवले होते, आणि खलीलच्या हाताखाली शिकणाऱ्यांपैकी हे मानणारा तो एकटाच होता.

"मी," तो म्हणाला.

वानिसने चष्मा उतरवला.

"एकतीस वर्षं झाली. एका डॉक्टरची गाडी होती, निळी. ईदच्या आदल्या दिवशी हवी होती. खलील तापाने पडला होता, काम माझ्यावर. बूड कापून नवं जोडायला दोन दिवस लागले असते. म्हटलं, सणानंतर परत बोलावू आणि नीट करू. खलील त्या तापातही उठून दारापर्यंत आला. खांब पक्का आहे ना, म्हणाला. मी असा धरला, हलवून दाखवला. पक्का आहे म्हणालो." त्याने हवेत हात धरून दाखवला: चार बोटे पुढे, अंगठा मागे. "गाडी परत आलीच नाही. पुढे मीही विसरलो."

तो हात त्याने तसाच धरून ठेवला होता. वानिस त्या हाताकडे बघत राहिला, मग खांबाकडे, मग पुन्हा हाताकडे. त्याला काय समजले कोण जाणे.

"एकतीस वर्षं," तो अखेर म्हणाला, "आणि पडला नाही. असं शिसं आजकाल मिळत नाही, उस्ता."

"नाही मिळत."

"बरं, आता बघत काय बसलात? पत्रा कापा. की नवाराला पाठवायचंच नाही म्हणून वेळ काढताय?"

खांबाचे सडके बूड कापून काढताना, सगळा भार जॅकवर आला त्या क्षणी, मेतवल्लीच्या उजव्या हातातून हातोडी गळून पडली. हात दुखला नाही. फक्त त्यात त्राण उरले नाही, दिवसभर पाणी वाहून घरी आलेल्या माणसाच्या हातासारखे. त्याने डाव्या हाताने हातोडी उचलली आणि काम पुढे चालू ठेवले.

नवे बूड त्याने दुप्पट जाडीच्या पत्र्याचे केले आणि आतून-बाहेरून जोडले. बुधवारी सकाळी शटर उघडले तेव्हा पत्रा स्वच्छ होता. वानिसने मान्य केले नाही, पण तोही ते बघायला आपल्या गाळ्याआधी इथेच आला होता.

७

गुरुवारी पहाटेच्या नमाजाच्या वेळी सनिय्या वाडगा घेऊन आली आणि दारातच थांबली. मेतवल्ली उताणा झोपला होता. उजवा हात चादरीवर पालथा, पाचही बोटे पसरलेली, झोपेतल्या लहान मुलाच्या हातासारखी.

त्याला जाग आली. त्याने हाताकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"काय हो," ती हळूच म्हणाली, "सुटला का माझा भाऊ?"

"सुटला," तो म्हणाला, आणि दोघे इतके हसले की शेजारच्या खोलीतून नवाराने ओरडून विचारले, आजच्या दिवशी तरी दोघांना काय झालंय?

संध्याकाळी फियाट दारात उभी राहिली. रंग निळा होता. वानिसने जुन्या रंगाचा तुकडा जपून ठेवून हुबेहूब मिसळला होता, आणि का, ते त्याने सांगितले नाही. ढोल वाजत होते, बायका जीभ हलवत आनंदाचे उंच आवाज काढत होत्या, पाऊस अधूनमधून येत होता. हाज इल्हामीने बकरा आणलाच होता.

"पंजा उस्तांचाच पाहिजे!" तो गर्जला. "ज्याने गाडी केली त्याचा!"

मेतवल्ली दचकला. वानिस गर्दीतून त्याच्याकडे पाहत होता. मग मेतवल्लीने बाही वर सारली, तळवा रक्तात बुडवला, आणि दारावर, सगळ्यांना दिसेल असा, उमटवला. उमटवला आणि लगेच उचलून घेतला. पत्र्याने हात धरून ठेवला नाही.

नवारा मागे उजवीकडे बसली. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोहोचली तोच कॉर्निशकडून आलेल्या वाऱ्याने पुढचे उजवे दार हिसडले. पुढे बसलेल्या नवरदेवाने ते नीट लावलेच नव्हते. दार मागे फेकले गेले, सगळ्या भारानिशी खांबाला लटकले, आणि मेतवल्ली दोन पावले पुढे धावला. पण खांब जागचा हलला नाही. करकरसुद्धा झाली नाही. नवरदेवाने लाजत दार ओढून घेतले, आणि खिडकीतून नवाराने मागे वळून हात हलवला.

त्यानेही हलवला. पाऊस वाढला होता. दारावरचा तांबडा पंजा बोटाबोटाने विरघळत चालला होता, आणि गाडी वळणापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यावर निळ्या रंगाशिवाय काहीच नव्हते. मेतवल्लीने आपला तळवा पावसात उघडा धरला. तोही धुतला जात होता.